किकी, बैलजोडी आणि विरार लोकल

टोरांटोच्या ड्रेक या रॅपरचा ‘स्कॉर्पियन’ हा अल्बम २९ जून २०१८ रोजी आला. त्यात एकूण २५ गाणी. ‘इन माय फीलिंग्ज’ हे त्यांतलं एक, तेही पार शेवटाकडे ढकललेलं. किकी नावाच्या मुलीला नायक विचारतो, तुझं माझ्यावर प्रेम आहे ना, माझ्या सोबतीने येशील ना. बस, एवढाच त्याचा जीव. त्याच दिवशी शिगी या नावाने इन्स्टाग्रामवर विनोदी व्हिडिओ टाकणारा न्यूयॉर्कचा एक कलाकार रस्त्यात उभा राहिला आणि या गाण्यावर नाचला. प्रेमाचा शब्द आला की दोन्ही हातांचा बदाम करायचा, गाडीने जाण्याचा उल्लेख आला की हवेत स्टिअरिंग फिरवायचं. मिनिटाच्या आतला व्हिडिओ होता तो.

पुढे जे घडलं ते समजून घेताना एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. शिगी रस्त्यावर नाचत होता. कुठल्याही चालत्या गाडीतून तो उतरला नव्हता.

आज ‘किकी चॅलेंज’ म्हटलं की आपल्याला आठवते ती हळूहळू सरकणारी मोटार, तिचा उघडा दरवाजा, खाली उतरून गाडीच्या बरोबरीने नाचत चाललेली मुलगी किंवा मुलगा, आणि आतून मोबाइलवर चित्रण करणारा चालक. यातलं काहीही मूळ व्हिडिओत नाही. आठवड्याच्या आत अमेरिकन फुटबॉलमधला त्या वेळचा नावाजलेला खेळाडू ओडेल बेकहॅम ज्युनिअर याने आपल्या गाडीशेजारी तोच नाच केला, आणि हवेतलं स्टिअरिंग खऱ्या गाडीला जोडलं गेलं. गाडी आल्यावर ती चालवावीशी वाटणं ओघानेच आलं. गाडी चालायला लागली की तिच्यातून उडी मारावीशी वाटणंही. कोणी एकाने बसून हे ठरवलेलं नाही. पाहणाऱ्याने पाहिलं, केलं, आणि करताना आधीच्यापेक्षा चिमूटभर जास्त घातलं. दहीहंडीच्या पथकाला गेल्या वर्षी लागलेल्या थरांवर यंदा समाधान वाटत नाही, तसंच हे. फरक एवढाच की दहीहंडीत खालच्या थरातल्या माणसाला आपल्या खांद्यावर किती वजन आलंय ते कळतं. इथे खालच्या थरातला माणूस न्यूयॉर्कला असतो आणि वरचा वसईला.

माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली महत्त्वाची गोष्ट हीच आहे. अशा व्हिडिओंबद्दल बोलताना आपण ‘अंधानुकरण’ हा शब्द सहज फेकतो. पण नक्कल तंतोतंत झाली असती, तर जगभरची माणसं घरासमोर उभी राहून हातांचे बदाम करत बसली असती आणि कुणालाही खरचटलं नसतं. धोका आला तो नकलेतून नव्हे, नकलेत घातलेल्या भरीतून.

ही भर घालायला जागा असणं, हेच चॅलेंज चालण्याचं गमक. चॅलेंजची रचना पाहा. एक तयार आवाज असतो, त्यामुळे संगीताची चिंता नाही. दोन-चार ठरलेल्या खुणा असतात, म्हणजे पाहणारा लगेच ओळखतो. एक हॅशटॅग असतो, त्यामुळे अनोळखी माणसांच्या रांगेत आपलाही नंबर लागतो. आणि एक मोकळी जागा असते: कुठे करायचं, कशावर करायचं, कोणाला सोबत घ्यायचं. पहिल्या तीन गोष्टींमुळे ते सोपं होतं, चौथीमुळे करावंसं वाटतं. २०१४ मध्ये गाजलेलं आइस बकेट चॅलेंज आठवत असेल. बर्फाच्या पाण्याची बादली डोक्यावर ओतून घ्यायची, मित्रांची नावं घेऊन त्यांना आव्हान द्यायचं, आणि एएलएस या मज्जासंस्थेच्या असाध्य आजारासाठी देणगी द्यायची. त्यातून अमेरिकेतल्या एएलएस असोसिएशनकडे सुमारे ११.५ कोटी डॉलर जमले. तिथेही भर घालणारे होतेच, पण बादली ती बादली. माणूस फार तर फार आणखी भिजणार. किकीत मोकळी जागा नेमकी रस्त्यावर होती.

हे सगळं इंटरनेटचं पाप आहे असं समजणाऱ्यांसाठी एक जुनी गोष्ट. मार्च १९३९ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याने दहा डॉलरच्या पैजेवर जिवंत सोनमासा गिळला. बातमी छापून आली, छायाचित्रं आली. बघता बघता इतर कॉलेजांतले विद्यार्थी मासे गिळू लागले, आणि काही आठवड्यांत आकडा एकावरून डझनांवर गेला. तिथली मोकळी जागा म्हणजे माशांची संख्या. वृत्तपत्रं रोज नवा विक्रमवीर छापत होती, त्यामुळे उद्याच्या गड्याला आज किती गिळायचे ते नेमकं ठाऊक असे. तेव्हा या साथीला एका गावातून दुसऱ्या गावात जायला टपाल, तार आणि छापखाना लागत होता. २०१८ मध्ये तेवढाही वेळ लागला नाही. त्याच जूनमध्ये इन्स्टाग्रामच्या मासिक वापरकर्त्यांची संख्या शंभर कोटींवर पोचली होती. आपल्याकडे सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यापासून डेटा इतका स्वस्त झाला होता की व्हिडिओ पाहताना मीटर पळतोय ही भीतीच गेली होती. आणि म्युझिकली हे गाण्यांवर ओठ हलवायचं ॲप टिकटॉकमध्ये विलीन झालं ते २ ऑगस्ट २०१८ ला, म्हणजे ऐन किकीच्या हंगामात.

आता पैशाकडे वळू, कारण या साथीत पैसाही होता. अमेरिकेतल्या बिलबोर्ड या संगीत-साप्ताहिकाने फेब्रुवारी २०१३ पासून गाण्यांची क्रमवारी लावताना यूट्यूबवरच्या व्ह्यूजचाही हिशेब धरायला सुरुवात केली होती. त्याच आठवड्यात ‘हार्लेम शेक’ हे फारसं कुणाला माहीत नसलेलं गाणं थेट पहिल्या क्रमांकावर जाऊन बसलं, कारण हजारो लोक त्याच्या अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यावर अंगविक्षेप करत व्हिडिओ टाकत होते. मूळ गाणं ऐकायला आलेला आणि स्वतःच्या नाचासाठी ते वाजवणारा, दोघांची नोंद एकाच वहीत. ड्रेकच्या गाण्याने जुलै २०१८ मध्ये एका आठवड्यात फक्त अमेरिकेत ११ कोटी ६२ लाख वेळा वाजण्याचा विक्रम केला. त्याने मोडला तो ‘हार्लेम शेक’चाच विक्रम. हे गाणं एकूण दहा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. जाहिरातीवर पैसा ओतून हे साधलं असतं की नाही, कोण जाणे. इथे जाहिरात करणारे लोक स्वतःचं पेट्रोल जाळत होते.

ऑगस्टच्या सुरुवातीला गाण्याचा अधिकृत व्हिडिओ आला तेव्हा त्यात शिगी होता आणि जगभरच्या नाचणाऱ्यांचे तुकडेही होते. अभिनेता विल स्मिथही होता. त्या वर्षी एका चित्रपटाच्या कामासाठी तो बुडापेस्टमध्ये होता. डॅन्यूब नदीवरच्या १८४९ सालच्या साखळी पुलावर चढून त्याने किकीचा नाच केला आणि ड्रोनने तो टिपला. बघणाऱ्याचा श्वास अडकेल असं दृश्य. पण अशा नटाच्या मागेपुढे काय असतं याची आपल्याला निदान कल्पना करता येते: साहसदृश्यांची सवय असलेली माणसं, कॅमेरा सांभाळणारे, रस्ता सांभाळणारे. पडद्यावर यातलं काहीही दिसत नाही. मोबाइलच्या चौकटीत उंच पूल आणि नाचणारा माणूस एवढंच येतं. ही चौकट कापून दाखवणारी आहे हे ज्याला पडद्यामागचं जग ठाऊक आहे त्याला कळतं. बाकीच्यांना वाटतं, त्याने केलं, मग आपण का नाही.

करायला गेलं की काय होतं, ते बघू. ऑटोमॅटिक गिअरची मोटार ब्रेकवरचा पाय काढला की ॲक्सिलरेटर न दाबताही ताशी पाच ते दहा किलोमीटरने सरकत राहते. ताशी आठ किलोमीटर धरा. चालीपेक्षा जरा जास्त, वाटायला अगदी निरुपद्रवी. पण ताशी आठ म्हणजे सेकंदाला सव्वादोन मीटर. चाळीस सेकंदांचा नाच असेल तर तेवढ्या वेळात गाडी नव्वद मीटर पुढे जाते. म्हणजे नाचणाऱ्याला नाचता नाचता नव्वद मीटर अंतर कापायचं आहे, तेही आडवं, कारण तोंड कॅमेऱ्याकडे हवं. आडवं चालताना पायात पाय अडकतो, हे कुणीही घरातल्या मोकळ्या जागेत करून बघावं.

उतरण्याचा क्षण तर आणखी फसवा. शरीराला गाडीची गती असते. जमिनीला पाय लागला की घर्षणाने पाऊल थांबतं आणि वरचं धड त्याच गतीने पुढे जाऊ पाहतं. म्हणून माणूस तोंडावर आपटतो. मुंबईकर हे शास्त्र पुस्तकातून शिकत नाहीत. चालत्या लोकलमधून उतरायची खोड असलेली माणसं गाडीच्या दिशेला तोंड करतात, अंग किंचित मागे टाकतात आणि चार-पाच पावलं पळतात. त्यांनाही ते दरवेळी जमत नाही, हे वेगळं सांगायला नको. किकीची अट नेमकी याच्या उलटी. तोंड दिशेला नाही, कॅमेऱ्याला. पळायचं नाही, ठुमकायचं.

पडल्यावर काय? मोटारीच्या पुढच्या दाराची बिजागरी पुढच्या बाजूला असते. दार उघडलं की त्याच्या मागे, दार आणि मागचं चाक यांच्या मधल्या पट्ट्यात नाचणारा उभा राहतो. पुढच्या दारापासून मागच्या चाकापर्यंतचं अंतर साधारण दीड-दोन मीटर. सेकंदाला सव्वादोन मीटर जाणारी गाडी ते एका सेकंदाच्या आत कापते. चालकाने पडलेलं पाहणं, ध्यानात येणं, पाय ब्रेकवर जाणं, याला सावध माणसालाही सेकंदभर लागतोच. आणि इथे चालक सावध नाही, तो छायाचित्रकार झालेला आहे. त्याचा एक हात मोबाइलला, नजर डावीकडे पडद्यावर, म्हणजे समोरच्या रस्त्यावर नाही. गाडीचा वेग चुकून ताशी वीसवर गेला आणि तो तीन सेकंद पडद्यात गुंतला, तर गाडी सोळा-सतरा मीटर आंधळी जाते. तेवढ्यात कुणाचं मूल, कुणाची सायकल, काहीही येऊ शकतं. या चॅलेंजमध्ये नाचणाऱ्याचीच चर्चा झाली. त्याच्याइतकीच काळजी रस्त्यावरून जाणाऱ्या त्रयस्थाची करायला हवी होती. त्याने तर कुठलं आव्हान स्वीकारलेलंही नव्हतं.

अमेरिकेत आयोवा राज्यातल्या एका १८ वर्षांच्या मुलीच्या कवटीला या प्रकारात तडा गेला. अबू धाबीत सरकारी वकिलांनी जुलैमध्ये समाजमाध्यमांवरच्या तिघा प्रसिद्ध व्यक्तींना अटक करण्याचे आदेश दिले.

मग एवढा सरळ हिशेब माणसाला दिसत कसा नाही? तरुणांना धोका कळत नाही, हे सोपं उत्तर आहे, पण ते पुरेसं नाही. फिलाडेल्फियाच्या टेम्पल विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि त्यांची सहकारी मार्गो गार्डनर यांनी २००५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. एकूण ३०६ जण, तीन वयोगटांतले: १३ ते १६, १८ ते २२, आणि २४ च्या पुढचे. त्यांना संगणकावर गाडी चालवायचा खेळ दिला. सिग्नल पिवळा झाल्यावर गाडी जितकी पुढे न्याल तितके गुण जास्त, पण भिंत कधी आडवी येईल त्याचा नेम नाही. काही जण एकटे खेळले, काहींच्या शेजारी त्यांच्याच वयाचे साथीदार बसवले होते. साथीदार जवळ असताना लहान मुलांनी कितीतरी जास्त धोका पत्करला, मधल्या गटाने त्याहून कमी पण लक्षात येण्याजोगा, आणि प्रौढांवर मात्र सोबतीचा फारसा फरक पडला नाही. २०११ मध्ये याच गटाने असा खेळ खेळणाऱ्यांच्या मेंदूचं स्कॅन केलं. मित्र शेजारी नव्हते, दुसऱ्या खोलीतून पाहत होते. आपल्याला कुणीतरी बघतंय एवढ्याने किशोरांच्या मेंदूतला बक्षिसाच्या अपेक्षेने फुलणारा भाग जास्त चेतला.

दुसऱ्या खोलीतून पाहणारे मित्र! इन्स्टाग्राम याहून वेगळं काय आहे? कॅलिफोर्नियातल्या यूसीएलए विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये तेही तपासलं. १३ ते १८ वयाच्या ३२ मुलामुलींना स्कॅनरमध्ये झोपवून त्यांना छायाचित्रं दाखवली, त्यांवर लाइकचे आकडे होते. प्रत्यक्षात आकडे संशोधकांनीच ठरवलेले. स्वतःच्या फोटोला भरपूर लाइक दिसले की मेंदूतलं बक्षिसाचं केंद्र उजळायचं. सिगारेट-दारूसारखी जोखमीची चित्रं पाहताना मात्र स्वतःला आवर घालण्याशी निगडित भागांचं काम कमी झालेलं दिसलं. फोटो कसलाही असो, त्याला आधीच जास्त लाइक असतील तर तो आवडण्याची शक्यता वाढायची. बत्तीस म्हणजे काही फार मोठी संख्या नाही, आणि स्कॅनरमध्ये झोपलेलं मूल म्हणजे रस्त्यावरचं मूल नव्हे. तरीही एक गोष्ट पटते: कळत असतं, पण बघणारे हजर असले की कळण्याचा आवाज बारीक होतो.

आपल्याकडे किकी पोचली जुलैच्या उत्तरार्धात. काही नट्यांनी व्हिडिओ टाकले, कॉलेजातल्या मुलांनी टाकले, आणि मग पोलिसांनी टाकले. मुंबई पोलिसांचं ट्विटर खातं २०१५ च्या डिसेंबरपासून चालू होतं आणि कोटीबाज म्हणून प्रसिद्ध होतं. त्यांनी गाण्या-बजावण्यावरच शब्दखेळ करून इशारा दिला की हा उपद्रव थांबवा, नाहीतर कारवाई होईल, आणि धोका तुम्हाला आहे तसा इतरांनाही आहे. उत्तर प्रदेश पोलिसांनी आईवडिलांना उद्देशून लिहिलं, दिल्ली पोलिसांनीही सुनावलं. जयपूर पोलिसांनी तर कहरच केला. किकीच्या नादात जीव गेलेला तरुण म्हणून एका माणसाचा हार घातलेला फोटो त्यांनी टाकला. तो माणूस कोचीचा, जिवंत आणि धडधाकट. त्याचा फोटो जाहिरातींसाठी विकल्या जाणाऱ्या छायाचित्रांच्या संग्रहातून उचललेला होता. घाबरलेल्या नातेवाइकांचे फोन त्याला यायला लागले. लोकांनी शेअर करावं म्हणून अतिशयोक्तीचा एक थर पोलिसांनीही चढवला, असं म्हणावं लागतं.

या इशाऱ्यांचा परिणाम काय झाला असेल? वृत्तवाहिन्यांनी ‘किकीचं भूत’ म्हणत तेच व्हिडिओ दिवसभर फिरवले, आणि ज्या घरांत ड्रेकचं नावही कुणी ऐकलं नव्हतं त्या घरांत आजीलासुद्धा किकी माहीत झाली. करू नका असं सांगताना काय करायचं नाही ते नीट दाखवावं लागतं. या पेचातून वाहिन्यांना वाट काढता आली नाही. खरं म्हणजे त्यांनी ती शोधलीच नाही.

ऑगस्टच्या सुरुवातीला प्रकरण मोटारीवरून रेल्वेवर गेलं. विनोदी व्हिडिओ करणाऱ्या विशीतल्या तिघा तरुणांनी विरार स्थानकात लोकलसोबत किकी केलं. गाडी सुटतेय, एक जण दारातून फलाटावर उतरतो, गाडीच्या बरोबरीने नाचतो, पुन्हा आत. पश्चिम रेल्वेने रोज जाणाऱ्याला यात नवल वाटणार नाही, इतक्या वेळा त्याने कुणाला तरी असं उतरताना पाहिलेलं असतं. पण मोटारीत निदान चालवणारा दोस्त होता, काही झालं तर ब्रेक दाबणारा. बारा डब्यांच्या लोकलच्या मोटरमनला मागे कुठल्या दारात काय नाच चाललाय, हे कळायची सोय नसते. नव्या लोकलचा वेग दर सेकंदाला साधारण अर्ध्या मीटरने वाढतो. पाच सेकंदांत ती ताशी नऊ किलोमीटरवर जाते, दहा सेकंदांत अठरावर. नऊ म्हणजे सावकाश पळणं, अठरा म्हणजे जीव घेऊन पळणं. नाचायला मिळतात ते मधले चार-पाच सेकंद, आणि शेजारी असते फलाट आणि डब्याच्या मधली फट. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर त्या वर्षांत दरसाल तीन हजारांच्या आसपास माणसं मरत होती. बहुतेक रूळ ओलांडताना किंवा गर्दीतून पडून, म्हणजे हौसेने नाही.

व्हिडिओवरून रेल्वे सुरक्षा दलाने तिघांना शोधलं. यात फार डोकं चालवावं लागलं नसावं, कारण गुन्ह्याचा पुरावा गुन्हा करणाऱ्यानेच चित्रित करून, संपादित करून, संगीत घालून, आपल्या नावाच्या चॅनेलवर चढवला होता. १९८९ च्या रेल्वे कायद्यात छतावर, पायरीवर वा इंजिनवरून प्रवास केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड आहे. रेल्वेच्या हद्दीत बेकायदा वावरल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड. पाचशे-हजार रुपये भरून बाहेर येणं आणि त्यावर आणखी एक व्हिडिओ करणं अवघड नव्हतं. वसईच्या रेल्वे न्यायालयाने वेगळं केलं. तिघांनी तीन दिवस वसई स्थानक झाडून-पुसून काढायचं आणि प्रवाशांना अशा स्टंटचे धोके समजावून सांगायचे. सकाळ-दुपार फलाटावर फडका मारणाऱ्या या पोरांचे फोटो देशभर छापून आले. मला हा निकाल आवडतो. कैदेने ते हुतात्मे झाले असते आणि दंडाने बेपर्वा. फरशी पुसताना मात्र ते रोजच्या प्रवाशांच्या पायांत होते.

आणि याच सुमारास तेलंगणातून दुसराच एक व्हिडिओ आला. जगतियाल जिल्ह्यात लंबाडीपल्ली नावाचं गाव आहे. तिथले काही तरुण ‘माय व्हिलेज शो’ नावाचा यूट्यूब चॅनेल चालवतात, गावातलंच जगणं, तेलंगणातल्या तेलुगू बोलीत. त्यांनी किकी नेली भाताच्या खाचरात. लावणीआधीची चिखलणी चाललेली. बैलजोडी पुढे चालतेय, आणि मागचे दोघे बैलांना चालतं ठेवून बाजूला होतात, पोटरीभर चिखलात ड्रेकच्या गाण्यावर नाचतात. बैल आपले शांतपणे चालत राहतात, त्यांना गाण्याचं सोयरसुतक नाही. नाच झाला की दोघे पुन्हा कामावर. काही दिवसांत हा व्हिडिओ जगभर गेला. अमेरिकेत ‘द डेली शो’ हा कार्यक्रम तेव्हा चालवणारा, मूळचा दक्षिण आफ्रिकेचा विनोदवीर ट्रेव्हर नोआ याने तर किकी चॅलेंजचे विजेते हेच, असं जाहीरच करून टाकलं.

वर मांडलेला हिशेब इथे लावून बघा. चिखलात बैलांचा वेग ताशी दोन-तीन किलोमीटर. पडलं तर चिखलात. मागे चाक नाही, पडद्यात नजर गुंतलेला चालक नाही, वाटेत येणारा परका माणूस नाही. मोकळी जागा तीच, भरही घातली, पण वेगाची नाही, जागेची घातली. वेगाची भर कुणीही घालू शकतो, तिला फक्त बेफिकिरी लागते. मोटारीच्या जागी बैलजोडी सुचायला शेत माहीत असावं लागतं, गाण्याची ठेका धरण्याची जागा कळावी लागते आणि आपल्या जगण्याकडे जरा तिरकं बघता यावं लागतं. तो एक लहानसा, चोख विनोद होता. विरारचा व्हिडिओ लोकांनी वसईच्या शिक्षेमुळे लक्षात ठेवला. लंबाडीपल्लीचा, पुन्हा बघावासा वाटला म्हणून.

अर्थात गणित दोन्हीकडे एकच चालतं. व्हिडिओ पुढे ढकलणाऱ्या समाजमाध्यमांच्या यंत्राला चिखल आणि फलाट यांतला फरक कळत नाही. किती सेकंद पाहिलं, किती जणांनी पुढे पाठवलं, किती जणांनी तोच आवाज घेऊन आपला व्हिडिओ केला, एवढंच ते मोजतं. जानेवारी २०१९ मध्ये यूट्यूबने जीवघेण्या चॅलेंजचे आणि दहशत बसवणाऱ्या खोड्यांचे व्हिडिओ चालणार नाहीत, असा नियम अधिक स्पष्ट केला. तेव्हा डोळ्यांवर पट्टी बांधून हिंडण्याची नवी टूम आलेली होती. किकीला तोवर सगळे विसरले होते. भारतात टिकटॉकवर बंदी आली ती २९ जून २०२० ला, शिगीच्या त्या नाचाला बरोबर दोन वर्षं झाली त्या दिवशी. यामागचं कारण सीमेवरचा तणाव आणि माहितीची सुरक्षा, स्टंट नव्हेत. पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने भारतात रील्स सुरू केलं, आणि ‘हाच आवाज वापरा’ असं सांगणारं बटण नव्या घरी नांदायला लागलं.

लोकलचे स्टंट थांबलेले नाहीत. जुलै २०२४ मध्ये हार्बर मार्गावरच्या एका तरुणाचा व्हिडिओ फिरू लागला. सुटलेल्या लोकलच्या दाराचा दांडा धरून तो फलाटावर पाय घासत चालला होता. लोकांनी नेहमीप्रमाणे शिव्या घातल्या, रेल्वेला टॅग केलं, अटक करा म्हटलं. रेल्वे सुरक्षा दलाचे लोक शोध घेत त्याच्या घरी पोचले तेव्हा त्याला एक हात आणि एक पाय नव्हता. फिरत असलेला व्हिडिओ मार्चमधला होता. एप्रिलमध्ये दुसऱ्या एका स्थानकावर असाच दुसरा स्टंट करताना त्याने ते गमावले होते, आणि पडद्यावर मात्र जुलैतही तो दोन्ही पायांवर लटकत होता. असं कुणी करू नका, असं आवाहन त्याने केलं. मध्य रेल्वेने ते समाजमाध्यमांवर टाकलं, छोट्या व्हिडिओच्या रूपात.